हवालदारांचा कान

हवालदारांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले एक पुढारी त्यांच्यासमोर उभे राहून तोंडाने आवाज काढत होते. "किर्र... टक. किर्र... टक." मागे दोन माणसं हाताची घडी घालून गंभीर चेहऱ्याने उभी. पुढारी मान पुढे काढून, गाल फुगवून किर्र-टक करताहेत आणि हवालदार लोखंडी स्टुलावर डोळे मिटून बसलेले.

"टक आधी, का किर्र आधी?" त्यांनी विचारलं.

पुढारी गोंधळले. मागे वळून म्हणाले, "काय रं, आधी काय येतं?"

"त्यास्नी नगा इचारू. गाडीत पुढं कोण बसतं?"

"मीच."

"मग तुमाला ठावं पायजे. जावा, गावातनं एक फेरी मारा, नीट ऐका आन् परत या. आवाज काढता येत न्हाई म्हंजी तुमी तो ऐकलाच न्हाई."

पुढारी खरंच गेले. अर्ध्या तासाने परत आले आणि एखादं पोरगं पाठ केलेला पाढा म्हणतं तसं म्हणाले, "टक आधी, हवालदार. टक... किर्र." हवालदारांनी डोळे उघडले. "आत्ता आजार सापडला," म्हणाले.

कराडच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या एका पट्टीला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर पाटी नव्हती. आत मात्र भिंतीच्या पत्र्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'बोलू नका. गाडी बोलत आहे.' शेडमध्ये रेडिओ नव्हता. आत आलं की फोन बंद करायचा. शेंगदाणे, सुपारी, काही चघळायचं नाही, कारण त्यांच्या मते चावणाऱ्या माणसाचे कान बंद असतात. त्यांनी सतरा वर्षं सैन्यात गाड्या दुरुस्त केल्या होत्या. सगळा भाग त्यांना आदराने सुभेदार म्हणायला बघायचा आणि ते प्रत्येक वेळी समोरच्याला थांबवायचे. "सुभेदार न्हाई. हवालदार. जेवढं मिळालं तेवढंच सांगायचं."

मी तेव्हा कराडला एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी एक लाल, जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली होती. दोन दारं, दोनच माणसांची जागा, मागे दुमडणारा कापडी टप आणि जमिनीपासून वीतभर उंची. गाडीचं वय पंचवीसच्या पुढे. गाव सोडून जाणाऱ्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. शिक्षक-खोलीत यावर आठवडाभर चर्चा झाली. एकांनी विचारलं, "बाई, यात भाजी कुठं ठेवणार?" मी म्हटलं, "भाजीला स्कूटर आहे." दर शनिवारी मी तिच्यातून आईला भेटायला सांगलीला जायचे. रस्त्याने ट्रॅक्टरवाले हात करायचे, एसटीतली पोरं खिडकीतून ओरडायची. मला फार बरं वाटायचं, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

सहा-सात महिन्यांत गाडीच्या मागून आवाज यायला लागला. आधी अगदी बारीक, मग वाढत गेला. सांगलीतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सांगितलं की मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शल गेलंय, त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत, गाडी काढून टाका. हे सांगताना त्या माणसाने माझ्याकडे न बघता माझ्यासोबत आलेल्या मामेभावाकडे बघितलं. मी चावी घेतली आणि निघाले. आमच्या कॉलेजच्या शिपायाने मला हवालदारांचं नाव सांगितलं.

"आवाज काढा," हवालदार म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. पुढारी गेले होते, दुसरं कुणी नव्हतं. मी "भुर्रर्र" केलं.

"हे मिक्सर झालं. गाडीचा काढा."

"घर्रर्र..."

"ही पिठाची गिरण झाली. बाई, तुमी पोरास्नी शिकवता ना? मग गृहपाठ करा. उद्या या."

मी घरी न्हाणीघरात कडी लावून सराव केला. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या रस्त्याला लागून परत आले आणि शेडमध्ये उभी राहून ओठ जवळजवळ मिटून, नाकातून, "हूंऽऽऽ" असा आवाज काढला. मडक्यात भुंगा अडकावा तसा.

हवालदारांचा चेहरा उजळला. "वा! कितीच्या स्पीडला सुरू हुतो?"

"चाळीसच्या पुढे. आणि उजवीकडे वळताना वाढतो."

"ते ऱ्हाऊ द्या. वळणाचं मी बघतो. चला."

पहिल्या दिवशी ते पाना हातात घेत नसत. आणि गिऱ्हाइकाची गाडी स्वतः कधीच चालवत नसत. "गाडी मालकानं चालवायची. तुमच्या पायाची सवय तिला असती. मी चालवली तर ती माज्यासंगं निराळंच बोलंल," असं त्यांचं म्हणणं. ते डाव्या बाजूच्या सीटवर बसायचे, मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून. आम्ही मसूरच्या दिशेने निघालो. टप दुमडलेला होता. सहा फुटी माणूस त्या बुटक्या गाडीत गुडघे हनुवटीला लावून बसला होता, पण तक्रार नाही.

एवढं स्वच्छ शिकवणं मी आयुष्यात थोडंच पाहिलंय. त्यांनी निघण्याआधी नुसती चावी फिरवायला सांगून मागे कान दिला. "पेट्रोलचा पंप गप्प हाय. त्यो न्हाई." मग साठच्या वेगात गाडी न्यूट्रल करायला लावली. भुंगा तसाच. "इंजिनचा, गिअरचा संबंध सुटला, तरी हा गातोय. म्हंजी चाकासंगं फिरणारं कायतरी हाय." मग पाय दाबा, पाय सोडा, पुन्हा दाबा. आवाज बदलला नाही. "डिफरन्शल असतं तर पाय सोडल्यावर सूर बदलला असता. तुमच्या सांगलीवाल्यानं गाडी चालवूनच बघितली न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली, आणि पुन्हा फेरी मारायला लावली. आवाज जागचा हलला नाही. "टायर न्हाई."

उरलं एकच, ज्यावर चाक फिरतं ते. बेअरिंग.

"मागचं उजवं," हवालदार म्हणाले. "माज्या ह्या अंगानं येतंय."

"पण उजवीकडे वळताना वाढतो," मी पुन्हा म्हटलं. मी आदल्या रात्रीच याबद्दल वाचलं होतं. "उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे जातो. म्हणजे डावं—"

"बाई," त्यांनी हात वर केला, "भूगोल तुमचा, कान माजा. तुमचा कान आजून कच्चा हाय."

समोर असा माणूस असताना आपलं वाचलेलं किती खरं मानायचं?

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. दुपारी त्या भाकरी घेऊन शेडवर यायच्या. ठेंगण्या, चपळ, बोलायला तिखट. हवालदार कुठेही उभे असले, तरी त्या गाडीला वळसा घालून, पसरलेली हत्यारं ओलांडून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहायच्या आणि मगच बोलायच्या. मला ती त्यांची लकब वाटली होती.

चार दिवसांनी बेअरिंग बाहेर निघालं. हवालदारांचा शिरस्ता असा, की काढलेला भाग मालकाच्या हातात द्यायचा आणि मालकाने तो स्वतःच्या बोटाने फिरवून बघायचा. त्यांनी ते पुसलं, दोन बोटांवर धरून फिरवलं, उजव्या कानाजवळ नेलं. पुन्हा फिरवलं. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

मला त्यातलं काय कळणार होतं? ते म्हणाले असते, "हे बघा, झिजलंय," तर मी मान डोलावली असती. पण त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"फिरवा."

मी फिरवलं. लोण्यातून बोट फिरावं तसं ते फिरलं.

"हे निरोगी हाय," हवालदार म्हणाले. "मी चुकलो."

काकू तिथेच होत्या. त्यांच्या हातातला डबा हातातच राहिला. पुढे एकदा त्या मला म्हणाल्या की लग्न झाल्यापासून हे दोन शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

आणलेलं नवं बेअरिंग त्यांनी बसवलं आणि आम्ही पुन्हा मसूरच्या रस्त्याला लागलो. भुंगा होताच. हवालदार डोळे मिटून बसले, मान थोडी तिरकी, कपाळावर आठी.

"उजवीकडनंच येतोय," ते म्हणाले. पण या वेळी ते मला सांगत नव्हते, स्वतःला विचारत होते. मग म्हणाले, "बाई, थांबवा. मी चालवतो."

इतक्या वर्षांचा नेम त्यांनी मोडला. आम्ही जागा बदलल्या. ते स्टिअरिंगला, मी डावीकडे. त्यांनी गाडी सावकाश उचलली, चाळीस, पन्नास, साठ. दोन्ही बाजूंना ऊस, वरून ऊन, तोंडावर वारा. आणि अचानक हवालदार हसले. मोठ्याने, मोकळं हसले.

"गेला! आवाज गेला बाई! बसला जागेवर! म्हटलं व्हतं ना उजवं?"

मी मागे वळून बघितलं. भुंगा माझ्या पाठीमागे, अगदी खांद्याशी, होता तसा गुणगुणत होता. उलट त्या बाजूला बसल्यामुळे मला तो आजवर कधी आला नव्हता इतका स्पष्ट येत होता.

"हवालदार, येतोय आवाज," मी ओरडून म्हटलं.

"कुठं येतोय?"

"इथं. माझ्या मागं. चांगला मोठा आहे."

त्यांचं हसू ओठांवर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली. मग त्यांनी उजव्या कानाशी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. मान हलवली. मग डाव्या कानाशी तसंच चोळलं. थांबले. पुन्हा चोळलं, जोरात.

"तुमी करा," म्हणाले. "माजी बोटं खोटं बोलत असतील."

मी त्यांच्या डाव्या कानाशी बोटं चोळली. मग टिचकी वाजवली. मग टाळी. टाळीला त्यांनी मान वळवली, पण उलट्या बाजूला.

मला तेव्हा सगळं एकदम समजलं. डावीकडच्या सीटवर बसून ते उजव्या कानाने सगळी गाडी ऐकत होते, म्हणून प्रत्येक आवाज त्यांना उजवीकडूनच यायचा. स्टिअरिंगला बसल्यावर तो चांगला कान वाऱ्याकडे गेला, डावा आतल्या बाजूला आला, आणि गाडी गप्प झाली. त्यांनाही हे कळलं होतं. मी सांगायची गरज नव्हती.

"एक कान असल्यावर," ते हळू म्हणाले, "आवाज येतो. पण कुठनं येतो ते कळत न्हाई."

शेडवर परतलो तेव्हा काकू भांडी घासत होत्या. हवालदार सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माजा डावा कान गेलाय."

"व्हय," काकू म्हणाल्या. हात थांबवला नाही.

"व्हय म्हंजी? तुला ठावं हाय?"

"दोन वर्सं झाली. मी कवाची उजवीकडनं बोलतीया."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. पयल्यांदा डावीकडनं सांगितलं. तुमाला आलं न्हाई." मग त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "नंतर उजवीकडनं बी सांगणार व्हते. पर कुठल्या तोंडानं सांगू? आवं, तुमचा कान म्हंजी तुमीच की."

पुढचे आठ दिवस शेड बंद होती. माझी गाडी आतच उभी. लोक यायचे, कुलूप बघून परत जायचे. मी दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा ते ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले दिसले. पहिल्या वेळी हातानेच परत जायची खूण केली. दुसऱ्या वेळी मी त्यांना एसटीने सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा असं त्यांना सांगितलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, डाव्या कानात फारसं काही उरलेलं नाही, यंत्राचाही उपयोग थोडाच होईल. मला वाटलं, हवालदार खचतील. ते डॉक्टरांना म्हणाले, "तुमची पद्धत चांगली हाय. मानसाला न सांगता आवाज सोडायचा आन् बघायचं. मी बी आसंच करतो." डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही काय करता? "आजारी गाड्या बघतो," ते म्हणाले, आणि त्या 'बघतो'वर त्यांनी जरा जोर दिला.

कराडला एसटी थांबली. उतरताना म्हणाले, "उद्या सकाळी या."

सकाळी शेड उघडी होती. गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलेली. हवालदारांच्या अंगावर धुतलेली खाकी पँट आणि बनियन. त्यांनी मला मागच्या उजव्या चाकाजवळ बसवलं. "मी चाक फिरवतो. तुमी ह्या स्प्रिंगवर हात ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा. डोळं मिटा."

चाक फिरलं. हाताखाली थंड लोखंड, बाकी काही नाही.

"आता इकडं."

डाव्या बाजूला आलो. त्यांनी चाक फिरवलं आणि माझा हात आपोआप दचकला. स्प्रिंगमधून बारीक, खरखरीत काहीतरी चालत होतं, जणू लोखंडाच्या आतून मुंगळ्यांची रांग निघालीय.

"आलं?" हवालदार माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आलं!"

मग त्यांनी स्वतःचा हात ठेवला, डोळे मिटले, आणि मी चाक फिरवलं. किती तरी वेळ ते तसेच बसून होते. मग वर न बघता म्हणाले, "कानाला बाजू लागती बाई. हाताला लागत न्हाई. हात ठेवला तिथलंच कळतं. हे मला सैन्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिकवलं व्हतं. कान चांगला व्हता, म्हणून मी इसरलो."

डावं बेअरिंग बाहेर आलं, ते त्यांनी माझ्या हातात दिलं. फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं अडखळत होतं, आणि कडेला लोखंड निळसर पडलं होतं. तापून तापून. "हे आणखी महिनाभर चाललं असतं, का आठ दिवस, सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "सांगलीच्या रस्त्याला, ऐंशीच्या स्पीडला चाक धरलं असतं तर गाडी कुठं गेली असती ते बी सांगता येत न्हाई." जरा थांबून म्हणाले, "तुमी पयल्या दिवशीच सांगितलं व्हतं. वळणाचं. मी ऐकलं न्हाई. तवा काय कान गेला व्हता म्हणून न्हाई. तवा मीच ऐकलं न्हाई."

डाव्या बाजूलाही नवं बेअरिंग बसलं आणि गाडी खाली आली. आम्ही दोघं मसूरपर्यंत जाऊन आलो. वारा, टायर, इंजिन. बाकी काही नाही. माझ्यापुरतं प्रकरण संपलं होतं. मी आनंदात होते. हवालदार नव्हते.

"दोन वर्सं," ते म्हणाले. "दोन वर्सांत माज्याकडं किती गाड्या आल्या आसतील?"

मला आधी त्यांचं म्हणणं कळलं नाही.

"ज्यांचा आवाज डावीकडनं येत व्हता, त्यास्नी मी काय सांगितलं आसंल?"

त्यांना गाड्यांचे नंबर आठवत नसत, मालकांची नावंही धड नाहीत. आवाज आठवायचे. ते ओसरीवर बसून एकेक आवाज तोंडाने काढायचे आणि काकू सांगायच्या, "ही उंब्रजच्या दूधवाल्याची," "ही लग्नाच्या वरातीतली पांढरी, इस्लामपूरची." मी फोन करायचे. ज्यांचा नंबर लागत नसे त्यांच्याकडे आम्ही रविवारी माझ्या गाडीतून जायचो. लाल, बुटकी गाडी दारात थांबायची, तिच्यातून गुडघे सोडवत हवालदार उतरायचे आणि उंबऱ्याशीच उभे राहून सांगायचे, "माजा डावा कान गेलाय. दोन वर्सांमागंच गेला, मला आत्ता कळलं. तुमची गाडी परत बघायची हाय."

मी त्यांना एकदा म्हटलं, एवढं उघड सांगायची काय गरज? नुसतं म्हणा, सहज बघायला आलो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

लोक नाना तऱ्हांनी वागले. दूधवाल्याने चहा पाजला आणि गाडी दाखवलीच नाही. म्हणाला, तुम्ही एका कानाने ऐकलेलं आम्हाला दुसऱ्यांच्या दोन कानांपेक्षा बरं. इस्लामपूरचे एक जण चिडले आणि तोंडावर म्हणाले, आता हा धंदा बंद करा. हवालदार म्हणाले, "तुमची गाडी झाल्यावर बघतो." आणि तिथेच अंगणात गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. बहुतेक गाड्या ठीक निघाल्या. दोघांचं डावीकडचं किरकोळ काम निघालं, ते त्यांनी केलं. मी त्यांची मदतनीस झाले होते. चाक फिरवायचं आणि डावीकडे बसून ऐकायचं. कॉलेजमध्ये माझ्या नखांतलं ग्रीस बघून मुली हसायच्या.

एकच गाडी सापडेना. शाळेची पोरं ने-आण करणारी एक जीप. तिचा मालक तिशीतला होता, पुढून डावीकडून काहीतरी आवाज येतो म्हणून वर्षभरापूर्वी आला होता. हवालदार त्याच्या शेजारी, डावीकडेच बसून फेरी मारून आले होते, चाक अगदी गेलेल्या कानाच्या अंगाला, आणि जीपच्या खडखडाटात त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी त्याला हाकललं होतं. तो पूर्वीचं गाव सोडून गेला होता, फोन बदलला होता. तीन आठवडे आम्ही शोधत होतो. हवालदारांनी त्या जीपचं बेअरिंग आधीच आणून पिशवीत ठेवलं होतं आणि ती पिशवी ते रोज बरोबर घ्यायचे.

शेवटी कुणीतरी सांगितलं, तो आता शिराळ्याच्या पलीकडे एका वाडीवर असतो. शनिवार होता. त्या शनिवारी मी सांगलीला गेले नाही. आम्ही वाडीच्या शाळेपाशी पोहोचलो तेव्हा नुकतीच शाळा सुटली होती आणि जीप दारातच उभी होती, पोरांनी भरलेली. मागच्या फळीवर दप्तरांचा ढीग. गाडी सुरू होती, निघतच होती. पुढे उतार होता, उताराच्या टोकाला वळण आणि खाली ओढा.

हवालदार माझी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले आणि जीपच्या पुढे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर.

"बंद कर! पोरं खाली घे!"

तो माणूस खाली उतरला. त्याने त्यांना ओळखलं, आणि ओळखल्यावर त्याचा चेहरा कडू झाला. "काय झालं आता? आवं, तुमीच म्हणाला व्हता की गाडी तंदुरुस्त हाय. आवाज तुज्या डोक्यात हाय म्हणाला व्हता. चार मानसांत म्हणाला व्हता."

"व्हय. मीच म्हणालो व्हतो," हवालदार म्हणाले. "म्हणूनच आलोय."

त्याने आत हात घालून चावी काढली. पोरं खाली उतरली आणि शाळेच्या कट्ट्यावर ओळीने बसून माझ्या गाडीकडे बघायला लागली. हवालदारांनी जॅक लावला, पुढचं डावं चाक उचललं आणि वरून-खालून दोन हातांनी धरून हलवलं. चाक हलत्या दातासारखं डुगडुगलं. जीपवाल्याने ते बघितलं. तो पुढे झाला, स्वतः हलवून बघितलं, आणि मग ओढ्याच्या दिशेने, त्या वळणाकडे, बराच वेळ बघत राहिला. पोरांतला एक चेहरा त्याच्यासारखा होता.

तो मुकाट्याने बसला आणि हवालदारांना पाने काढून द्यायला लागला. दोन तास लागले. मधे शाळेच्या बाईंनी पोरांना गोष्ट ऐकायला बसवलं, मी त्यांना गाडीत दोन-दोन करून बसवून हॉर्न वाजवू दिला. हवालदारांनी त्या दिवशी हॉर्नला हरकत घेतली नाही.

काम झालं. जुनं बेअरिंग त्यांनी जीपवाल्याच्या हातात दिलं आणि तो ते फिरवेपर्यंत समोर उभे राहिले. "आवाज तुज्या डोक्यात नव्हता," म्हणाले. "तुजा कान चांगला हाय. कुणी काय बी म्हणू दे, त्याचं ऐकत जा."

जीपवाल्याने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. हवालदार अवघडले, मागे सरले आणि पोरांना म्हणाले, "चला, बसा रं."

जीप उतारावरून निघाली. हवालदार रस्त्याच्या मधोमध उभे राहून तिच्याकडे बघत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. वळणाशी जीप हळू झाली, वळली, ओढा ओलांडून पलीकडच्या चढाला लागली.

"बाई," ते म्हणाले, "ऐका."

मी डोळे मिटून ऐकलं. त्यांनी मला शिकवलं होतं तसं, श्वास धरून.

"काय येतंय?"

"काही नाही," मी मोठ्याने म्हटलं.

"नीट ऐका."

"नीटच ऐकतेय, हवालदार. नुसता पोरांचा दंगा येतोय."

"त्यो असू दे," ते म्हणाले, आणि रस्त्याकडेला बसून दोन्ही हातांना माती चोळून ग्रीस काढायला लागले.